पाण्याकडे कोण बघतंय

सोफ्याच्या रंगाला शोभेल असं एखादं चित्र दाखवा, असं कोणी म्हटलं की केतकी बागवडेचं डोकं फिरायचं. मांडवड्याच्या बाजारपेठेत तिचं दुकान होतं. जुन्या मोठ्या चित्रकारांच्या चित्रांच्या प्रतिकृती, कॅनव्हासवर उतरवून लाकडी चौकटीवर ताणलेल्या, ती विकायची. पण गिऱ्हाईक आलं की चित्र दाखवायच्या आधी ती त्याच्या घरी जायची. घरातली माणसं बसतात कुठं ते बघायची आणि त्याच जागी बसून चहा घ्यायची. जेवताना डोळे कुठं जातात, दार उघडल्यावर पहिलं काय दिसतं, कॉटवर पडलेल्या म्हाताऱ्या माणसासमोर दिवसभर काय असतं, हे सगळं ती मनात टिपून ठेवायची. चित्र भिंतीसाठी घ्यायचं नसतं, डोळ्यांसाठी घ्यायचं असतं, हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की तिची मुलगी ओवी तिची हुबेहूब नक्कल करायची.

एवढं शहाणपण असूनही स्वतःच्या घरात चित्र लावायची वेळ आली तेव्हा केतकीनं कोणाचंच ऐकलं नाही. सासूबाईंना मोर हवे होते. नववीतल्या ओवीला नुसता गडद निळा रंग हवा होता, त्यात काही म्हणजे काही नको. नवरा मंदार पाटबंधारे खात्यात उपअभियंता होता आणि गावाच्या वरच्या अंगाला असलेलं शेलवणी धरण त्याच्या ताब्यात होतं. त्याचं मागणं सगळ्यात सोपं होतं.

"पाणी सोडून काहीही आण," तो जेवता जेवता म्हणाला. "दिवसभर तेच बघतो."

केतकीनं आणला घाट. शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा चित्रकारानं रंगवलेली नदीकाठची सकाळ. दगडी पायऱ्या, पायरीवर कळशी टेकून बसलेली हिरव्या लुगड्यातली बाई, तिच्यामागं घाटाची उंच भिंत आणि भिंतीवर कोवळं ऊन. पाणी होतं, पण ते तळाशी, बोटभर रुंदीचं. तेवढ्यानं काय होतंय, असा तिनं विचार केला. मंदारनं चित्र बघितलं आणि हसून, तुझ्यापुढं कोणाचं चाललंय, असं म्हणून तो हात धुवायला गेला. चित्र जेवणाच्या टेबलासमोर लागलं.

हे साधं चित्र असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तो जागता कॅनव्हास होता.

जागता कॅनव्हास तेव्हा नवा नवा बाजारात आला होता. दिसायला चारचौघांसारखाच. पण त्याच्या विणीत केसाहून बारीक काचतंतू होते आणि माणसाच्या डोळ्यावरून परतणारा न दिसणारा प्रकाश टिपून त्यांना कळायचं की नजर चित्रात कुठं टेकली आणि किती वेळ टेकली. रंगही छापलेला नसायचा. तो सूक्ष्म कुप्यांत भरलेला असायचा आणि विजेच्या हलक्या भारानं कुपीच्या तोंडाशी यायचा किंवा तळाशी जायचा. घर झोपलं की कॅनव्हास चित्रात इथं तिथं किंचित फरक करायचा. कुठं सावली जरा गडद, कुठं फांदी जरा लांब. दुसऱ्या दिवशी ज्या फरकावर डोळे रेंगाळले तो ठेवायचा, ज्याच्याकडं कोणी ढुंकून बघितलं नाही तो पुसून टाकायचा. चांगल्या कणसाचं बी राखून पुढच्या वर्षी पेरावं, तसंच हे होतं. फक्त इथं निवडणाऱ्याला आपण काही निवडतोय याचा पत्ताच नसायचा. कोणाची नजर कुठं गेली हे मात्र कॅनव्हासला साठवता येत नसे, कायद्यानं तशी बंदी होती. साऱ्या घराची नजर एकत्र होऊन त्यात मुरायची, आणि चित्र हळूहळू त्या घराचं व्हायचं.

याच्या गमती केतकीनं पोटभर बघितल्या होत्या. दाताच्या डॉक्टरांच्या घरी जत्रेचं चित्र दिलं होतं, तर सहा महिन्यांत जत्रेतला प्रत्येक माणूस तोंड उघडून हसायला लागला. एका खवय्या वकिलांच्या फळांच्या परडीतले आंबे इतके फुगले की परडीच दिसेनाशी झाली. त्यांची बायको मिश्कील होती, तिनं त्यांना त्याच चित्रासमोर पथ्याचं जेवायला बसवलं.

त्यामुळं घाटाची सगळ्यात खालची पायरी पाण्याखाली गेलेली दिसली तेव्हा केतकीला आधी हसूच आलं. घरात कोणाला तरी पाण्याची ओढ लागलेली दिसतेय, ती म्हणाली. सासूबाईंचं माहेर नदीकाठचं. तिनं त्यांना छेडलं. त्यांनी चष्मा पुसून चित्राकडं बघितलं आणि म्हणाल्या की मला त्या बाईचं लुगडं आवडतं, पाण्याकडं मी कशाला बघू, जन्मभर धुणी धुतली तिथं.

उन्हाळा सरत आला तशी दुसरी पायरी गेली. मग बाईच्या कळशीचा तळ ओला झाला. भिंतीवरचं कोवळं ऊन कोणी बघत नव्हतं बहुतेक, कारण ते विझत चाललं होतं. पाणीही पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. पहिलं पाणी सकाळचं होतं, त्यात आकाश होतं. या पाण्यात काहीच दिसत नव्हतं.

केतकीला ओवीची शंका आली. आली म्हणजे काय, एकदा आली ती जाईचना. पोरगी हल्ली गप्प असायची, जेवताना ताटाकडं कमी आणि समोर जास्त बघायची. संध्याकाळी मैत्रिणींबरोबर नदीच्या पुलावर जाऊन उभी राहायची. या वयात मुलींच्या मनात काय काय येतं आणि आई-बापांना ते किती उशिरा कळतं, याच्या ऐकलेल्या सगळ्या गोष्टी केतकीला एकदम आठवायला लागल्या. ती कुठल्या तरी निमित्तानं पुलावर जायला लागली. ओवीचं दप्तर बघायला लागली. शाळेत बाईंना भेटून आली. मुलगी आंघोळीला जास्त वेळ लावतेय असं वाटलं की दारावर टकटक करायची.

"आई, तू माझ्यामागं का लागली आहेस?" ओवीनं एक दिवस विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मी काय केलंय ते तरी सांग."

काय सांगणार? भिंतीवरच्या चित्रातलं पाणी वाढतंय म्हणून मला तुझी भीती वाटते, असं कोणती आई मुलीला सांगेल? केतकी म्हणाली की काही नाही, असंच. ओवी त्या दिवसापासून तिच्याशी कामापुरतं बोलायला लागली. घरात चित्र आणलंस की पोलीस आणलास, असं सासूबाई म्हणाल्या, आणि ते खोटंही नव्हतं.

खरी धास्ती बसली ती एका गिऱ्हाइकाच्या घरी. नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, त्यांना तिनं एका जुन्या चौसोपी घराच्या अंगणाचं चित्र दिलं होतं. सूनबाईंनी तक्रार केली की चित्र बिघडलंय, येऊन बघा. केतकी गेली. अंगणातल्या पांढऱ्या भिंतीवर मुळात ओलीचा एक डाग होता. त्या डागाची पाल झाली होती. शेपटी, बोटं, डोळे, सगळं. सूनबाई चित्राकडं पाठ करून बोलत होती. तिला लहानपणापासून पालीची भीती. पहिल्या दिवशी तो डाग तिला पालीसारखा वाटला, आणि मग त्या खोलीत आली की नको नको म्हणतानाही नजर तिथंच जायची, आहे का अजून, हलली का.

केतकी तिथंच खाली बसली. माणूस आवडीच्या गोष्टीकडं बघतो, हे कंपनी सांगत होती आणि तीही सगळ्यांना सांगत होती. पण माणूस ज्याला भितो त्याच्याकडं त्याहून जास्त बघतो. कॅनव्हासला त्यातला फरक कळत नव्हता. डोळा टेकला की तो वाढवायचा. घरात कोणाला पाण्याची ओढ नव्हती. कोणाला तरी पाण्याची भीती वाटत होती.

त्या दिवशी तिनं जेवताना चित्र सोडून माणसांकडं बघितलं. हे तिनं आधीच करायला हवं होतं, धंदाच तिचा तो. सासूबाई लुगड्याकडं बघत होत्या, खरंच. ओवी समोर बघत होती पण चित्राच्या वर, भिंतीच्या कोऱ्या भागाकडं, जिथं तिला तिचा निळा रंग हवा होता. आणि मंदार घास तोंडाशी नेऊन थांबला होता. त्याची नजर घाटाच्या भिंतीच्या बुंध्याशी, जिथं दगड आणि पाणी भेटतं, तिथं खिळली होती. घास तसाच हातात. मग त्याला कळलं की बायको बघतेय, आणि तो म्हणाला की आमटी छान झाली आहे.

आमटी नव्हतीच ताटात, पिठलं होतं.

ओवी आणि सासूबाई आत गेल्यावर तिनं त्याला विचारलं. पालीची गोष्ट सांगितली, आणि तुला कसली भीती वाटतेय असं सरळ विचारलं. मंदारनं शांतपणे ऐकून घेतलं. तो मुळात शांतच होता. लग्नाच्या बोलणीतही त्यानं फक्त दोन प्रश्न विचारले होते.

"तुझंच बरोबर आहे," तो म्हणाला. "भीतीनं नजर खिळते. पण या घरात इतके दिवस घाबरून त्या पाण्याकडं बघतंय कोण? तूच. रोज पायऱ्या बघतेस. ते पाणी तूच वाढवलंस, केतकी."

 ते शास्त्राला धरून होतं. तिनं स्वतःच बघून बघून पाणी चढवलं असेल, त्या पाण्यापायी पोटच्या पोरीला चोरासारखं वागवलं असेल, या विचारानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण ती कॅनव्हास ओळखून होती आणि नवऱ्यालाही. श्रावणात नणंदेकडं कराडला सत्यनारायण होता. तिनं सासूबाई आणि ओवीला आठवडाभर तिकडं पाठवून दिलं. मग स्वतःची खुर्ची उलटी वळवली, चित्राकडं पाठ करून. जेवण तसंच, चहा तसाच. स्वयंपाकघरातून बाहेर येताना ती मान खाली घालून यायची, केर काढताना त्या भिंतीपाशी डोळे मिटून केरसुणी फिरवायची. मंदारला वाटलं ती रुसली आहे. तिनं तसंच वाटू दिलं. घरात आता चित्राकडं बघणारं एकच माणूस उरलं होतं.

सासूबाई आणि ओवी परतायच्या होत्या त्या सकाळी मंदार धरणावर गेल्यावर ती वळली.

पाणी बाईच्या डोक्यावरून गेलं होतं. बाई उठली नव्हती. तिच्याकडं कोणी बघतच नव्हतं, मग तिला उठवणार कोण? ती तशीच पायरीवर बसली होती, कळशीवर हात ठेवून, पाण्याच्या आत, तोच शांत चेहरा घेऊन. आणि घाटाच्या भिंतीच्या बुंध्याशी, दोन दगडांच्या सांध्यातून, एक बारीक तांबूस धार निघाली होती. मूळ चित्रात तिथं साधी सावली होती.  तिनं देव्हाऱ्यावरचं उपरणं आणून चित्रावर टाकलं, आणि मग देवाचं उपरणं कशावर टाकलं आपण, म्हणून पुन्हा काढलं.

मंदार दुपारी जेवायला आला तेव्हा तिनं त्याला चित्रासमोर उभं केलं.  खुर्चीवर बसून त्यानं सांगितलं, एखाद्या विद्यार्थ्याला शिकवावं तसं, सावकाश. शेलवणी मातीचं धरण आहे. माती पाणी पितेच, म्हणून मातीच्या प्रत्येक धरणाच्या पायथ्याशी थोडी गळती असतेच. ती निर्मळ असेल तोवर घाबरायचं कारण नाही. मागच्या वर्षी डाव्या बाजूला जरा जास्त गळती दिसली होती. तिच्यावर त्याचं लक्ष आहे, एवढंच.

"आणि गढूळ झाली तर?"

"गढूळ म्हणजे पाणी एकटं येत नाही, धरणाची आतली माती घेऊन येतंय. आत बोगदा होत जातो. बाहेरून कळत नाही, आणि कळतं तेव्हा हातात फार वेळ नसतो."

"आपली कसली आहे?"

"निर्मळ," मंदार म्हणाला. बोलताना तो चित्रातल्या तांबूस धारेकडं बघत होता.

तिनं विचारलं, मग पाणी थोडं उतरवत का नाही? तेव्हा खरं अडलेलं कुठं होतं ते कळलं. चार वर्षं पावसानं ओढ दिल्यानंतर धरण यंदा काठोकाठ भरलं होतं. पालकमंत्री जलपूजनाला यायचे होते. धरण भरलं की नदीची ओटी भरायची, साडी-नारळ पाण्यात सोडायचा, ही या भागातली रीतच. आणि त्या दिवशी पाणी सांडव्याला लागलेलं दिसलं पाहिजे, ही मंदारच्या वरच्या साहेबांची अट. पातळी आधी उतरवायची म्हटल्यावर साहेबांनी त्याला विचारलं होतं की मंत्र्यांनी काय रिकाम्या धरणाची ओटी भरायची? पूजन झालं की दुसऱ्याच दिवशी दरवाजे उघडू असं ठरलं होतं. दोन दिवसांचा तर प्रश्न होता.

केतकीनं त्याच्यावर विश्वास ठेवला. ठेवावासा वाटला म्हणून ठेवला, याहून चांगलं कारण तिच्याकडं नव्हतं.

जलपूजनाला सारं मांडवडं लोटलं. धरणाचा माथा अरुंद, वर फक्त मंत्री, अधिकारी आणि ओटी भरणाऱ्या पाच सुवासिनी. बाकीचा मांडव खाली, धरणाच्या पायथ्याच्या मोकळ्या मैदानात. तिथंच शाळेची लेझीम. केशरी फेटे बांधलेल्या मुली ओळी धरून उभ्या होत्या आणि त्यात ओवी होती. अभियंत्याची बायको म्हणून केतकीचं नाव सुवासिनींत होतं. जरीची साडी, हातात ताट, ताटात तांदूळ, खण, हळकुंड, नारळ.

माथ्यावर उभं राहिलं की उजव्या हाताला पाणी होतं, डोळे पोचतील तिथवर, आणि डाव्या हाताला गवताळ उतार, मांडव, आणि त्याच्यापलीकडं गाव. सनई लागली होती. सगळी माणसं उजवीकडं बघत होती. बघण्यासारखंच होतं ते. मंत्री बघत होते, त्यांच्या सौभाग्यवती बघत होत्या, साहेब तर असे बघत होते जसं काही ते पाणी त्यांनीच घरून आणलं होतं.

एकटा मंदार डावीकडं बघत होता.

आयुष्यभर दुसऱ्याची नजर कुठं जाते हे बघण्यात घालवलेली बाई ती. तिनं त्याच्या नजरेच्या रेषेवर आपली नजर टाकली आणि उतारावरून खाली सोडली. मांडवाच्या मागच्या कापडाला लागून, उताराच्या बुंध्याशी, दगडांच्या सांध्यातून एक धार येत होती. हा रंग तिनं आधी बघितला होता. तिच्या जेवणाच्या टेबलासमोर. धारेच्या एका अंगाला लेझमीच्या मुली एकमेकींचे फेटे नीट करत होत्या.

ती ताट घेऊनच मंदारपाशी गेली.

"सकाळपासून आहे," तिच्याकडं न बघता तो हलक्या आवाजात म्हणाला. "साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, अर्धा तास थांब, ओटी होऊ दे."

"ओवी खाली आहे."

"माहीत आहे मला."

त्याचे पाय जमिनीत रुतल्यासारखे होते. तेव्हा तिला कळलं की भीती एवढी मोठी झाली की माणूस पळत नाही, नुसता बघत राहतो.

"मे महिन्यात धरण ठीक आहे म्हणून मीच सही केली आहे, केतकी," तो म्हणाला. "आता काय तोंडानं सांगू?"

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून तिचं नाव पुकारलं गेलं. सौ. केतकीताई मंदार बागवडे यांनी जलदेवतेची ओटी भरावी. सगळ्यांनी तिच्याकडं बघितलं. ओरडावं असं तिच्या मनात आलं. पण बाई ओरडली तर लोक बाईकडं बघतात, ती दाखवतेय तिकडं कोणी बघत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चार पोलीस तिला बाजूला घेतील, भोवळ आली म्हणतील, आणि अर्धा तास तसाच जाईल.

ती ताट घेऊन चालायला लागली, आणि पाण्याकडं न जाता वळून डाव्या कठड्यापाशी गेली. तिथं ताट टेकवलं. हळद-कुंकू वाहिलं. मग ओंजळीनं तांदूळ उचलून धरणाच्या कोरड्या बाजूला, गावाकडच्या उतारावर टाकले. सनईवाला चुकला आणि थांबला. अहो ताई, इकडं, असं कोणीतरी म्हणालं. तिनं खण टाकला. मग नारळ उचलून कपाळाला लावला आणि सोडून दिला.

नारळ गवतावर आपटला, उसळला, पुन्हा आपटला आणि उतारावरून गडगडत निघाला. वरच्या माणसांचे डोळे त्याच्याबरोबर गेले, खाली मांडवातल्या माणसांच्या माना वर झाल्या आणि त्यांचेही डोळे नारळाबरोबर खाली आले. अवघं मांडवडं एका नारळाकडं बघत होतं. तो मांडवाच्या कडेला धारेत जाऊन पडला आणि तांबड्या गाळात अर्धा रुतला.

 नदीकाठी जन्म काढलेली माणसं ती. कोरड्या बाजूला तांबडं पाणी म्हणजे काय, हे त्यांना शिकवावं लागत नाही. खालून एक म्हातारी उठली आणि तिनं मांडीवरचं नातवंड उचलून छातीशी धरलं, मग तिच्या शेजारचे उठले.

साहेब केतकीकडं येत होते, पण मंदार त्यांच्या आधी ध्वनिक्षेपकापाशी पोचला होता.

"मी उपअभियंता बागवडे बोलतोय," तो म्हणाला. शब्द स्वच्छ होते. "धरण आतून खचतंय. मे महिन्यात ते ठीक आहे अशी मी सही केली, ती खोटी होती. लेझमीच्या मुली आधी, पूर्वेच्या टेकडीवर. मग बाकीचे. गावात फोन करा, घरात कोणी ठेवू नका. पळू नका, पण थांबूही नका."

मग त्यानं स्वतःच्या हातानं भोंगा चालू केला.

दुपार टळेपर्यंत गाव रिकामं झालं. एसटीच्या गाड्या, ट्रॅक्टर, शाळेच्या बस, जे मिळेल त्यात माणसं टेकडीवर आली. मुली वर चढल्या, नदीपात्र मोकळं झालं, तेव्हाच मंदारनं सांडव्याचे दरवाजे उघडायला लावले. पण भरलेलं धरण बशीतल्या चहासारखं ओतून टाकता येत नाही. शेजाऱ्यांनी सासूबाईंना उचलूनच आणलं होतं. त्यांच्या मांडीवर देवांचा पितळी डबा होता आणि त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या की गॅस बंद केला होता का. काही लोक कुरकुरायला लागले होते की काही होत नाही, उगाच घाबरवलं. साहेब त्यांच्यातच उभे होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा धरणाच्या डाव्या अंगाचा माथा खाली बसला. आवाज नाही, काही नाही, नुसता बसला. त्याच्यावर पूजनासाठी उभारलेली स्वागताची कमान वाकली आणि दिसेनाशी झाली. आवाज मग आला, आणि तो आला तसं टेकडीवरचं लहान पोरही गप्प झालं.

सगळे पाण्याकडं बघत होते. केतकीनं सवयीनं मंदारकडं बघितलं. तो पाण्याकडं बघत नव्हता. ओवी त्याला टेकून उभी होती, आणि तो तिचा सुटलेला केशरी फेटा पुन्हा बांधत होता, एकेक वळसा नीट दाबून. ओवीनं एक हात मागं करून आईचा पदर धरला. कितीतरी दिवसांनी.

खाली मांडवड्यात, केतकीच्या घरात, जेवणाच्या टेबलासमोर चित्र तसंच लटकत होतं. एक खुर्ची त्याच्याकडं पाठ करून, बाकीच्या समोर. पाण्याकडं बघणारं आता घरात कोणीच उरलं नव्हतं.

पाणी तरीही चढलं.